पिशवीला शिवलेली हमी

बियाण्याच्या पिशवीचं तोंड शिवताना त्या शिलाईतच एक टॅग अडकवलेला असतो. टॅग हिरवा असला तर बियाणं सत्यप्रत, म्हणजे कंपनीने आपल्या शब्दावर विकलेलं. निळा असला तर प्रमाणित. बीज प्रमाणीकरण यंत्रणेच्या माणसाने बीजोत्पादनाच्या रानात जाऊन पाहिलेलं. पांढरा पायाभूत बियाण्याचा आणि सोनेरी पिवळा पैदासकार बियाण्याचा. हे दोन्ही बीजोत्पादकांच्या कामाचे, साध्या पेरणीवाल्याच्या हाती सहसा पडत नाहीत. टॅगवर पीक, वाण, लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधतेची मुदत, शुद्धतेचे टक्के असं सगळं असतं. आणि एक आकडा असतो उगवणीचा. सोयाबीनला किमान 70 टक्के, कांद्याला 70, बाजरीला आणि ज्वारीला 75, गव्हाला 85.

नगर जिल्ह्यात (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) पेरणीच्या घाईत पिशवी फोडली की बांधावर पहिला पडतो तो हा टॅग. आठ दिवसांनी रान मोकळं दिसलं की मग सगळं घर तो शोधायला निघतं. कारण तालुक्याला तक्रार द्यायला गेलं की आधी तीन गोष्टी विचारतात: पक्कं बिल, रिकामी पिशवी आणि टॅग.

त्या टॅगवरच्या आकड्याची हमी कोणी कोणाला दिलेली आहे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. आणि वाटेत सावकार, एक जर्मन प्राध्यापक, जॉर्जियातली बाजरी आणि दिल्लीतले चार-पाच कायदे भेटतात.

घरचं बी होतं तोवर हा प्रश्न नव्हता. पीक खळ्यावर येण्याआधीच घरातली जाणती बाई रानातून फिरून भरलेली कणसं बाजूला काढायची. बाजरीची, ज्वारीची कणसं आढ्याला टांगायची. कडधान्य राखेत घोळून मडक्यात घालायचं आणि मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायचं. कांद्याचं बी धरायचं तर गोल, एकसारख्या रंगाचे गोट निवडून ते पुन्हा लावायचे आणि गोंडे वाळले की चोळून बी काढायचं. नाही उगवलं तर बोल आपल्यालाच. शेजाऱ्याकडून आणलेलं असलं तर त्याला विचारता येई, आणि तो पुढच्या वर्षीही त्याच बांधावर भेटणार असे. हमी द्यायची ती माणसाने, आणि त्या माणसाचं घर ठाऊक असे.

ही व्यवस्था मोडायची ती दुष्काळात. बियाणं पोटात गेलं की सावकाराच्या दारात जावं लागे. धान्य सवाईने नाहीतर दिढीने मिळे: मण नेला तर सव्वा मण किंवा दीड मण परत. नेलेलं बी किडकं निघालं, पाऊस आला नाही, उगवून जळालं, या कशाशीही दिढीचा संबंध नव्हता. सगळं जे काही होतं ते कर्जखतात लिहिलेलं होतं, आणि खतावर अंगठा होता.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. पुढच्या दिवसांत ते लोण नगर जिल्ह्यात श्रीगोंदे, पारनेर, कर्जत आणि नगर तालुक्यांत पसरलं. माणसं मारण्यावर रोख नव्हता. रोख होता कागदांवर. खतं, रोखे, दस्त मागायचे आणि जाळायचे. इतिहासाच्या पुस्तकांत हे दंगे कर्जबाजारीपणाच्या प्रकरणात बसवलेले असतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यांतून निघालेला कायदा आपल्या मागोव्यात थेट येतो. 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने न्यायाधीशाला एक नवी मोकळीक दिली: खतावर काय लिहिलंय एवढंच पाहू नका, खताच्या मागे जा, मूळ मुद्दल किती, व्याज कसं चढलं, हे सगळं उकरून काढा. शिवाय गावमुन्सफापुढे आणि समेट घडवणाऱ्या पंचापुढे वकिलाला मज्जाव; दुय्यम न्यायाधीशापुढेही शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील नको.

दोन पक्ष बरोबरीचे नसले तर त्यांच्यातला कागद हाच पुरावा धरता येत नाही, आणि दुबळ्याला वकिलाशिवाय दाद मागता आली पाहिजे, या दोन्ही गोष्टी 1986 च्या ग्राहक कायद्यात पुन्हा दिसतात. ग्राहक कायद्याचा इतिहास सांगणारे सहसा अमेरिकेतून सुरुवात करतात, 15 मार्च 1962 च्या केनेडींच्या भाषणापासून. श्रीगोंदे त्यांच्या वाटेत येत नाही. यायला हवं, असं माझं मत.

1879 च्या कायद्याने कर्जाची बाजू पाहिली, बियाण्याची नाही. 1884 च्या कायद्याने बी आणि बैलांसाठी सरकारी तगाई मिळू लागली, म्हणजे बी विकत घ्यायला पैसा आला. पण विकत घेतलेलं बी कसं असावं याबद्दल एक अक्षर कुठे नव्हतं. 1930 चा माल विक्री कायदा आला. त्याचा रोख असा की मालाच्या दर्जाची हमी कायदा आपणहून गृहीत धरत नाही, काही ठरावीक प्रसंग सोडले तर घेणाऱ्याने आपलं पाहून घ्यावं. आणि त्या ठरावीक प्रसंगांतली हमीही दोघांनी करारात लिहून काढून टाकता येते. बैल पाहून घेता येतो. दात मोजता येतात, चालवून बघता येतो. बी तळहातावर घेऊन त्याचं पोट कळत नाही. ते कळतं जमिनीत गेल्यावर, आणि तेव्हा माल परत करायची सोय उरलेली नसते.

हे युरोपातल्या शेतकऱ्यांना आधी कळलं, कारण तिथे बियाण्याचा बाजार आधी उभा राहिला. इंग्लंडातले व्यापारी सलगमाच्या महाग बियांत मोहरीच्या जातीतलं स्वस्त बी मिसळत. पण ते उगवलं तर लबाडी रानात उघडी पडणार. म्हणून ते आधी भाजून मारत. मेलेलं बी उगवत नाही, साक्षही देत नाही. शेतकऱ्याला वाटायचं, उगवण जरा विरळ झाली, थंडी पडली असेल. जुन्या बियांना रंग देऊन ताजं भासवणं हा दुसरा प्रकार. 1869 मध्ये ब्रिटिश संसदेने बी मारण्यावर आणि रंगवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी जर्मनीत, सॅक्सनीतल्या थारांट गावी, फ्रीडरिश नोबे नावाच्या प्राध्यापकाने बियाणं तपासण्याचं जगातलं पहिलं केंद्र सुरू केलं. बी मोजून घ्यायचं, ओलाव्यात ठेवायचं, ठरलेल्या दिवशी कोंब मोजायचे. आज पुण्याच्या, परभणीच्या, नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत जे चालतं ते याच वंशातलं: चारशे बिया, शंभर-शंभरच्या चार ओळी, ठरलेलं तापमान, आणि शेवटी टक्के. टॅगवरचा आकडा तिथून येतो.

भारतात बियाणे कायदा 1966 मध्ये झाला आणि लागू झाला 1969 च्या ऑक्टोबरात. ब्रिटनच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. ज्यांनी स्वतःच्या शेतकऱ्यासाठी 1869 मध्ये कायदा केला, त्यांनी इथे आणखी 78 वर्षं राज्य केलं आणि तसा कायदा आणण्याची गरज त्यांना वाटली नाही.

अर्थात इथे तोवर विकतचं बी होतंच किती? ते वाढलं हायब्रीडमुळे. 1964 मध्ये ज्वारीचं सीएसएच-1 आलं, 1965 मध्ये बाजरीचं एचबी-1. राष्ट्रीय बीज महामंडळ 1963 चं, जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी काढलेली बियाणे कंपनी महिको 1964 ची, राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 चं, अकोल्याचं राज्य बियाणे महामंडळ महाबीज 1976 चं. बारा-तेरा वर्षांत सगळी मांडणी उभी राहिली. हायब्रीडने उत्पन्न वाढवलं यात वाद नाही. ते नसतं तर बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट वेगळी झाली असती. पण हायब्रीडचे दाणे पुढच्या वर्षी पेरून चालत नाही, पीक एकसारखं येत नाही. दरवर्षी दुकानात जाणं आलं. शेतकरी ग्राहक झाला तो इथे, कायद्याने त्याला तसं म्हणायच्या वीस वर्षं आधी. आणि बी देणारा बांधावरून उठून जालन्याला, हैदराबादला, पुढे त्याहून लांब गेला.

आता 1966 च्या कायद्याकडे नीट पाहू, कारण टॅग त्याने जन्माला घातला. अधिसूचित वाणाचं बियाणं विकायचं तर किमान उगवण आणि शुद्धता पाहिजे, आणि ती टॅगवर लिहिलेली पाहिजे. प्रमाणीकरण ऐच्छिक, टॅग सक्तीचा. बियाणे निरीक्षक दुकानातून नमुना घेईल, प्रयोगशाळेत पाठवेल, आकडा खोटा ठरला तर खटला. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला 500 रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केला तर 1000 पर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आज 500 रुपयांत सोयाबीनची एक पिशवीही येत नाही. आणि हा दंड जातो सरकारजमा. ज्याचं रान मोकळं राहिलं त्याला या कायद्यात छदाम नाही; नुकसानभरपाईचं एकही कलम त्यात नाही. म्हणजे टॅग ही हमी खरी, पण कंपनीने ती सरकारला दिलेली होती. शेतकरी तिचा नुसता वाचक होता.

त्यातच एक चांगलं कलम आहे, तेही सांगायला हवं. स्वतः पिकवलेलं बी कोणी आपल्या घरून दुसऱ्याला पेरायला विकलं तर हा कायदा त्याला लागू नाही. नगर-नाशिकच्या पट्ट्यात कांद्याचं घरगुती बी अजून हातोहात विकलं जातं ते याच वाटेने. कोणाचे कांदे चाळीत टिकले, कोणाच्या वाफ्यात डेंगळे कमी निघाले, हे आजूबाजूच्या गावांना माहीत असतं आणि भाव त्यावर ठरतो. तिथे टॅगची कोणाला आठवणही येत नाही.

टॅग खरा असूनही पीक जाऊ शकतं, हा धडा नगरने लवकर घेतला. बाजरी हे इथलं खरिपाचं जुनं पीक; पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या हलक्या रानांचं. एचबी मालिकेतल्या पहिल्या संकरित वाणांची आई एकच होती: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तयार केलेली टिफ्ट 23ए. भरपूर दाणा देणारी, पण केवडा रोगाला, ज्याला आपल्याकडे गोसावीही म्हणतात, अगदी हळवी. तिकडे हा रोग त्रासाचा नव्हता. इकडे सगळ्या रानांत एकाच आईची लेकरं उभी राहिली, आणि 1970-71 च्या सुमारास गोसावी देशभर पसरला. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका. बी उगवलेलं होतं, शुद्ध होतं, टॅगवरचा प्रत्येक आकडा खरा होता. दोष वाणाच्या घडणीतच होता. आजचा ग्राहक कायदा यालाच उत्पादनाच्या आराखड्यातला दोष म्हणतो आणि त्यासाठी उत्पादकाला जबाबदार धरतो. तेव्हा असं काही म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तरी हे वाण सरकारी संशोधनातून आलेले, आणि त्यांनीच दुसरीकडे कोठारं भरली होती. वाण बदलले गेले, संशोधन पुढे गेलं, ज्यांचं त्या साली गेलं त्यांचं गेलं.

1983 मध्ये बियाणं जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणाखाली आलं. दुकानदाराला परवाना, साठ्याचा फलक आणि गिऱ्हाइकाला बिल देणं बंधनकारक झालं. पक्क्या बिलाचा आग्रह तिथून धरता येऊ लागला. उधारीवर माल उचलणाऱ्याला तो आग्रह किती धरता येतो ही वेगळी गोष्ट. दुकानदार हाच सल्लागार, हाच सावकार आणि हाच प्रतिवादी, असं कृषी सेवा केंद्राचं त्रिकूट आहे, आणि पुष्कळ तक्रारी काउंटरवरच विरतात त्या त्यामुळे.

इकडे शहरांत दुसरीच हालचाल चालू होती. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यांच्यापुढे प्रश्न होते ते भेसळीचे, वजनमापांचे, तेला-साखरेच्या भावाचे. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्ह्याजिल्ह्याला मंच, सुरुवातीला एक लाखापर्यंतचे दावे, साध्या कागदावर तक्रार, वकिलाची सक्ती नाही. तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मिक्सर, स्कूटर, टीव्ही असावेत. बियाण्याची पिशवी घेऊन शेतकरी मंचाच्या दारात आला तेव्हा कायद्याने त्याला तीन ठिकाणी अडवलं.

पहिली अडवणूक: तू ग्राहक आहेस का? व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, आणि पीक तर विकायलाच काढतोस. 1993 च्या दुरुस्तीने यात खुलासा घातला, की स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी वस्तू वापरणं हे व्यापारी कारण नाही. दुसरी: बियाण्याला वेगळा कायदा आहे, तिकडे जा. तिकडे जाऊन काय मिळतं ते वर आलंच आहे. तिसरी सगळ्यांत चिवट. डोळ्यांनी न दिसणारा दोष असेल तर वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, असं ग्राहक कायद्याचं कलम 13 सांगत होतं. मिक्सर पाठवता येतो. बी तर सगळं पेरून झालेलं.

कंपन्यांच्या वकिलांनी या तिसऱ्या मुद्द्यावर वर्षानुवर्षं तग धरला. 1998 मध्ये जालन्याच्या त्याच महिकोविरुद्ध आंध्रातल्या शेतकऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि शेतकऱ्याजवळ बी उरलेलं नसताना कंपनीने आपल्याकडच्या त्याच लॉटचा नमुना तपासणीसाठी पुढे करायला हवा होता, असा न्यायालयाचा कल पडला. प्रश्न पुरता मिटला तो 16 जानेवारी 2012 रोजी. राष्ट्रीय बीज महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही अडवणुकी एकदम बाजूला सारल्या. शेतकरी हा ग्राहक आहे. बियाणे कायदा भरपाई देत नाही, म्हणून ग्राहक मंचाचा रस्ता त्याला मोकळा आहे. आणि पुढे कधी दोष निघेल म्हणून शेतकऱ्याने पेरताना मूठभर बी राखून ठेवावं अशी अपेक्षा धरता येत नाही. कंपनी सरकारी होती, हे विशेष. सरकारला दिलेली हमी सरकारनेच मोडली होती.

बी तपासता येत नाही, तर पुरावा कशाचा? रानाचा. महाराष्ट्रात तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते: कृषी खात्याचे अधिकारी, विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा शास्त्रज्ञ, महाबीजचा प्रतिनिधी. राहुरी जवळ असल्याने नगर जिल्ह्याला शास्त्रज्ञाची वाण नाही. समिती रानात येते, ठरावीक लांबीतली रोपं मोजते, उकरून पाहते, पंचनामा लिहिते. मंचातली लढाई पुढे या दोन-तीन पानांवर होते. पंचनाम्याला कंपनीला बोलावलं होतं का? रोपं किती टक्के, हे लिहिलं. पण कशामुळे, हे लिहिलं का? हरियाणा बीज विकास महामंडळाच्या 2005 च्या प्रकरणात पाहणीचा अहवाल होता, पण बियाणंच सदोष आहे असं त्यात म्हटलेलं नव्हतं. शेतकरी सर्वोच्च न्यायालयात हरले. ‘उगवण 30 टक्के आढळली’ एवढ्यावर पंचनामा थांबला की कंपनीचा वकील पुढचं वाक्य आपलं घालतो: ओल कमी होती, पाभर खोल गेली, बीजप्रक्रिया केली नाही.

आणि हे दरवेळी खोटं नसतं, हेही मान्य करायला हवं. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा महाराष्ट्रात पूर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत नगर जिल्हा येतो, स्वतःहून दखल घेतली. त्यामागे आदल्या वर्षीचा ऑक्टोबर होता. काढणीच्या वेळी पाऊस झोडपत राहिला आणि बीजोत्पादनाचं सोयाबीन शेंगेतच भिजलं. सोयाबीनचं कवच पातळ, पोती आदळली तरी अंकुर दुखावतो. अशा बियाण्याला उन्हाळ्यात प्रयोगशाळेत 70 टक्के मिळतीलही, पण पिशव्या हमालांच्या पाठीवरून, ट्रकांतून, पत्र्याच्या गोदामांतून दुकानात येईपर्यंत ते तसंच राहील, याची काय खात्री? टॅगवर चाचणीची तारीख असते, त्यानंतरच्या उन्हाळ्याचा हिशेब नसतो. खात्याचे लोक म्हणतात, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका आणि ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून घरीच उगवण पाहा. सल्ला उत्तम आहे. फक्त त्यात एक गंमत आहे: पैसे मोजून घेतलेल्या हमीची खातरजमा ज्याने पैसे मोजले त्यानेच करायची.

भरपाई किती, हाही वाद जुनाच. पिशवीवर बारीक अक्षरांत कंपनीची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती आवळलेली सापडते. स्कॉटलंडच्या पूर्व लोथियनमधल्या एका शेती कंपनीने 1973 च्या डिसेंबरात 30 पौंड कोबीचं बी मागवलं, किंमत साधारण 200 पौंड. 63 एकरांत लावलं. कोबीला गड्डाच धरला नाही. नुकसान 61,513 पौंड. विक्रेत्याने बीजकामागची अट दाखवली: फार तर बियाण्याचे पैसे परत. 1983 मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ती अट अन्याय्य ठरवली, आणि त्याचं एक कारण मोठं मासलेवाईक होतं. अशी प्रकरणं आजवर आपण अट बाजूला ठेवून समजुतीनेच मिटवत आलो, असं विक्रेत्यांच्याच साक्षीदारांनी सांगितलं होतं. आपल्याकडेही मंच बियाण्याच्या किमतीवर थांबत नाहीत. त्या गावात इतरांना काय उतारा पडला, त्या हंगामी बाजारभाव काय होता, यावरून गेलेल्या पिकाचा हिशेब लावतात.

इथे 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा येतो, 20 जुलै 2020 पासून लागू झालेला. त्यात उत्पादनाच्या दायित्वाचं पहिल्यांदाच वेगळं प्रकरण आहे, कलम 82 ते 87. उत्पादक जबाबदार केव्हा? माल बनवण्यात दोष, आराखड्यात दोष, नेमून दिलेल्या प्रमाणापासून फारकत, दिलेली हमी न पाळणं, वापराच्या पुरेशा सूचना न देणं. हमी देताना हलगर्जी केली नव्हती, लबाडी नव्हती, असं सिद्ध केलं तरी हमी मोडल्याची जबाबदारी सुटत नाही. वाचताना वाटतं, हे कलम टॅग समोर ठेवूनच लिहिलं असावं. मग व्याख्यांच्या कलमात ‘हानी’ कशाला म्हणायचं ते येतं. इजा, मृत्यू, मानसिक त्रास, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान, हे सगळं आत. व्यापारी किंवा आर्थिक नुकसान बाहेर.

न उगवलेल्या बियाण्याने कोणाला इजा होत नाही. घर जळत नाही. जातं ते पीक, आणि जे पीक आलंच नाही त्याचा तोटा हा आर्थिकच तोटा. म्हणजे प्रेशर कुकर फुटला तर हे प्रकरण कामाचं. बी फेल गेलं तर त्यातून शेतकऱ्याच्या हाती फारसं लागेल असं दिसत नाही. त्याला जुन्याच वाटेने, ‘सदोष माल’ म्हणून तक्रार करत जावं लागतं. ती वाट शाबूत आहे. मालाला मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि 2021 च्या अखेरीपासून ती 50 लाखांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे (पूर्वीच्या मंचापुढे) चालतात. पण देशातलं सर्वांत मोठं उत्पादन करणाऱ्या माणसाचं नुकसान उत्पादनाच्या दायित्वातून गळावं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही की आलं, असा प्रश्न पडतो.

शेतकऱ्याच्या बाजूचं खरं कलम निराळ्याच कायद्यात पडून आहे. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात कलम 39 म्हणतं की संरक्षित वाण विकणाऱ्याने कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न अपेक्षित आहे ते शेतकऱ्याला सांगावं, आणि तसं न आल्यास शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येईल. उगवणीच्या पुढे जाऊन उत्पन्नाची हमी मागणारं हे कलम. त्याच्याच आधीच्या भागात बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, 2020 च्या पद्मश्री, बायफ या संस्थेच्या मदतीने जी देशी बियाण्यांची बँक चालवतात ती या हक्कावर उभी आहे. बँकेचा नियम असा की नेलं त्याच्या दुप्पट बी परत द्यायचं. सावकाराच्या दिढीपेक्षा हा दर जास्त आहे. तरी त्यावर दंगा होत नाही, कारण खत लिहून घेतलेलं नसतं आणि बी देणाऱ्या बाईच्या घरासमोर तेच वाण उभं असलेलं दिसतं.

2023 च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने बोगस बियाणं, खतं आणि औषधांविरुद्ध कडक विधेयकं मांडली. भरपाई होती, विक्रेत्यांना झोपडपट्टीदादांच्या कायद्याखाली स्थानबद्ध करण्याचीही तरतूद होती. नोव्हेंबरात कृषी सेवा केंद्रांनी राज्यभर तीन दिवस दुकानं बंद ठेवली. सीलबंद पिशवी आम्ही फोडत नाही, आतल्या बियाण्याचे गुन्हेगार आम्ही कसे, हा त्यांचा सवाल रास्त होता. विधेयकं संयुक्त समितीकडे गेली. केंद्राने 2004 मध्ये मांडलेलं बियाणे विधेयक कधी मंजूरच झालं नाही. 2025 च्या नोव्हेंबरात नवा मसुदा हरकतींसाठी पुढे आला. त्यात टॅगवर क्यूआर कोड आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या साथी पोर्टलला तो जोडला की पिशवी कोणाच्या रानात पिकली, कुठे भरली, कोणत्या हातांतून आली, ते मोबाइलवर दिसावं असा बेत आहे. बी देणाऱ्याचं घर पुन्हा ठाऊक होईल, निदान त्याचा पत्ता.

मात्र तालुक्याच्या तक्रार समितीच्या पाहणीचा घोळ क्यूआर कोडने सुटत नाही. मृगात पेरलेलं सोयाबीन आठव्या-दहाव्या दिवशी निघालं नाही की दुबार पेरणीला हाताशी उरतात ते जमिनीत ओल असेपर्यंतचे दिवस. रान तसंच ठेवलं तर समितीला पुरावा मिळतो आणि हंगाम जातो. पाभर घातली तर हंगाम वाचतो आणि तक्रारीत दाखवायला काही उरत नाही. बहुतेक शेतकरी पाभर घालतात, आणि त्यांची नावं तक्रारींच्या कोणत्याच आकड्यात येत नाहीत. समितीने अमुक तासांत यावं, न आल्यास तलाठी आणि कृषी सहायकाने काढलेले फोटो आणि मोजणी ग्राह्य धरावी, एवढं एक कलम मसुद्यात पडलं तर हरकती मागवल्याचं सार्थक होईल.